‘डॉक्टर’ म्हणून वेळ मारून नेली, आता काय करू?

नाशिकच्या जुन्या गावठाणातल्या एका मराठी शाळेत दहावीला असलेल्या मुलीचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

ती शाळेच्या खो-खो संघाची कर्णधार आहे. राहायला सिडकोत, शाळा सकाळची. दुपारी घरी जाऊन जेवायचं, चारची बस धरून पुन्हा शाळेत यायचं, साडेसहापर्यंत मैदान आणि मग घर, असा तिचा सहावीपासूनचा क्रम. गेल्या भाऊबीजेला आत्याकडे सगळे जमले होते. ‘पुढे काय करणार?’ हा प्रश्न एकेका मुलावरून फिरत तिच्यापाशी आला. काही सुचेना म्हणून तिनं ‘डॉक्टर’ असं सांगून टाकलं. वडिलांनी ते मनावर घेतलं. ते अंबडला एका कंपनीत आहेत. ओव्हरटाइम करून त्यांनी मार्चमध्ये कॉलेज रोडच्या एका क्लासला ‘दहावी अधिक नीट फाउंडेशन’च्या बॅचमध्ये तिचं नाव घातलं (नीट म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा). पहिला हप्ता भरून झाला आहे, दुसरा दसऱ्याच्या सुमारास आहे. क्लास संध्याकाळी पाच ते आठ, त्यामुळे जूनपासून मैदान बंद. जुलैच्या घटक चाचणीत गणितात २० पैकी ११ पडले. नववीत गणित चांगलं होतं. वडील म्हणतात, दहावी होऊ दे, मग हवं तेवढं खेळ. पण शाळाच दहावीपर्यंत आहे. खेळाच्या मॅडम म्हणतात, तुझ्याशिवाय संघ उभा राहायचा नाही. आजी शेजारीपाजारी ‘आमची डॉक्टरीणबाई’ म्हणून सांगत फिरते. डॉक्टर व्हायचंच नाही असंही तिचं म्हणणं नाही आणि व्हायचंय असंही नाही. ती विचारते: मी पप्पांना फसवलं का? वर्गात सगळ्यांचं ठरलंय, माझंच का ठरत नाही? शाळेवर एवढा जीव लावणं हा वेडेपणा आहे का? आणि मॅडमना घरी बोलायला आणू का?

प्रिय कर्णधार,

फसवणुकीचं आधी घेते, कारण तो शब्द पत्रात पुन्हापुन्हा आला आहे.

तू कुणाला फसवलेलं नाहीस. भाऊबीजेच्या घरात, फराळाच्या ताटल्या हातात असताना, चौदा वर्षांच्या मुलीला विचारलेलं ‘पुढे काय?’ म्हणजे ‘कितवीला गं तू?’च्या पुढची चौकशी. विचारणाऱ्या आत्यालाही उत्तराची फार पडलेली नसते. ते ऐकता ऐकता तिचं अर्धं लक्ष चकलीच्या भाजणीकडे असतं. प्रश्न ज्या वजनाचा होता त्याच वजनाचं उत्तर तू दिलंस. खरी अडचण मार्चमध्ये झाली. पप्पा हप्ता भरायला निघाले, तेव्हा त्यांनी ते उत्तर खरं धरलंय हे तुझ्या लक्षात आलं होतं आणि तू गप्प बसलीस. यालाही मी फसवणूक म्हणणार नाही, भीती म्हणेन. मात्र दसऱ्याचा हप्ता गेल्यावर बोलणं आजच्याहून जड जाईल आणि अकरावीचा प्रवेश झाल्यावर त्याहून जड. तेव्हा घाई करायचीच असेल तर ती बोलण्याची कर. काय व्हायचं ते ठरवण्याची काही घाई नाही.

आता ‘सगळ्यांचं ठरलंय’ हे जरा तपासून बघू. मी बरीच वर्षं दहावीच्या वर्गांवर शिकवलं आहे. ‘माझे ध्येय’ या निबंधात निम्मा वर्ग डॉक्टर, इंजिनीअर नाहीतर कलेक्टर असतो, दोन-चार जण सैन्यात जातात, हल्ली एखादा यूट्यूबर निघतो. जिनं कलेक्टर लिहिलंय तिला विचारून बघ, कलेक्टर सकाळी कचेरीत गेल्यावर नेमकं काय करतात? तिची थट्टा करायला नव्हे. तिला तुझ्याइतकंच माहीत असतं. तिच्या उत्तरावर अजून कुणी हप्ता भरलेला नाही, एवढाच काय तो फरक.

या वयात आपण डोळ्यांना दिसलेल्या कामांतूनच निवडतो. सिडकोतल्या घरातून दवाखाना दिसतो, शाळा दिसते, बँक, पोलीस चौकी आणि वडिलांची कंपनी दिसते. याच नाशिकमध्ये नाशिकरोडला नोटा छापणारी माणसं आहेत, ओझरला लढाऊ विमानं जुळवणारी आहेत, गंगापूर धरणातून शहरासाठी पाणी किती उचलायचं याचा हिशेब ठेवणारी आहेत, द्राक्षबागांची माती आणि पानं तपासणारी आहेत. निबंधात त्यांचं नाव येत नाही, कारण त्यांचं काम कुणी पाहिलेलं नसतं.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगच्या, म्हणजे नाव वल्हवण्याच्या शर्यतीच्या, एकेरी प्रकारात उतरले आणि तेरावे आले. पुढे २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या चौघांच्या संघातही ते होते. आणि गाव कुठलं, तर दुष्काळी पट्ट्यातलं. २०१२ मध्ये सैन्यात भरती होईपर्यंत त्यांनी वल्हं हातात धरलेलं नव्हतं. दहावीच्या वयात त्यांना कुणी ध्येय विचारलं असतं तर ‘रोइंग’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. दुसरीकडे नाशिकचाच विदित गुजराथी बघ. लहानपणापासून बुद्धिबळ, २०१३ मध्ये ग्रँडमास्टर, २०२४ च्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात. एकाचं लवकर ठरलं, एकाला उशिरा सापडलं, आणि जिल्हा एकच. बक्षीस समारंभाच्या भाषणांत मात्र लवकर ठरलेल्यांच्याच गोष्टी सांगतात, त्यामुळे तुमच्यासारख्या मुलांना उगाच मागे पडल्यासारखं वाटतं. यावरून ‘होईल आपोआप’ असं समजून स्वस्थ बसू नकोस म्हणजे झालं. भोकनळांना आधी घर सोडून भरती व्हावं लागलं, तेव्हा कुठे नाव दिसली.

बरं, आता तुझ्या पत्राकडे येते. त्यात नीटबद्दल जेमतेम अडीच ओळी आहेत. खो-खोबद्दल पानभर आहे. मला वाटलं, खांबाजवळ सूर मारून गडी कसा टिपला वगैरे असेल. तेही आहे, पण थोडं. बाकी सगळं माणसांबद्दल आहे. आठवीतल्या एकीची आई तिला मैदानावर पाठवेना, तर तू फुलेनगरला तिच्या घरी गेलीस आणि रोज परत पोचवायची जबाबदारी घेतलीस. संरक्षणाला पहिल्या तुकडीत कोण उतरणार यावरून दोघींचं बोलणं बंद झालं होतं, ते मिटवलंस. शाळा सोडून गेलेल्या मुलींचे बूट गोळा करून नव्या मुलींना मापाप्रमाणे वाटलेस. पाळीच्या दिवसांत कुणाला धावायचा त्रास होतो आणि त्या दिवशी तिला कुठल्या जागेवर बसवायचं, हे तू मॅडमना सांगितलंस. हेच सगळं एखाद्या चाळिशीच्या बाईनं मला सांगितलं असतं, तर मी विचारलं असतं, ‘तुम्ही कुठल्या हुद्द्यावर असता हो?’

म्हणून ‘तू शिक्षिका हो’ किंवा ‘समाजसेवेत जा’ असं मी तुला सांगणार नाही. तसं सांगितलं तर मीही तुझी आत्याच झाले! मुलात एखादा गुण दिसला की लगेच त्यावर एखाद्या नोकरीचं नाव चिकटवायची आपल्याकडे फार हौस. मध्यंतरी काही वर्षं दहावीच्या मुलांची सरकारी कल चाचणी होत असे. तो कागद घरोघर पत्रिकेसारखा वाचला जाताना मी पाहिला आहे. तू एवढंच कर, एक वही घाल. आठवड्यातून एकदा तीन गोष्टी लिही. कशात वेळ गेलेला कळला नाही, कशाचा खरोखर कंटाळा आला, आणि कुणाचं काम बघून ‘हे कसं करतात?’ असं वाटलं. गणिताचं एखादं प्रमेय सुटल्यावर बरं वाटलं असेल तर तेही लिही; वही काही खो-खोची नाही. अकरावीचा फॉर्म भरायला बसशील तेव्हा गुणपत्रिकेच्या शेजारी ही वही ठेवता येईल.

शाळेवर जीव लावणं वेडेपणाचं आहे का, याचं उत्तर वरच्या बुटांत आलंच. पण तुलाही एक विचारते. मैदान सुटल्यावर जास्त काय बोचलं? खेळ, मैत्रिणी, की कर्णधारपणाचा मान? परिपाठाला पुढे उभं राहणं, पाचवीच्या मुलींनी जिन्यात वाट सोडणं, शिपाईमामांनी नावानं हाक मारणं, हेही सुख असतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त पुढच्या जूनमध्ये ते संपणार आहे, तू खेळलीस तरी आणि नाही खेळलीस तरी. अकरावीच्या वर्गात तुला कुणी ओळखणार नाही. आपण खेळासाठी झगडतोय की सरत आलेल्या दिवसांसाठी, हे निदान स्वतःला ठाऊक असावं. दुसरं कारण असलं तरी तुझी मागणी काही चुकीची ठरत नाही.

पप्पांचं वाक्य अर्धं खरं आहे. दहावीनंतर खेळ बंद होत नाही. शालेय स्पर्धांत १७ वर्षांखालच्यानंतर १९ वर्षांखालचा गट असतो, ज्युनिअर कॉलेजांचे संघ असतात, शहरात मंडळं आहेत. हा संघ मात्र तुला पुन्हा मिळणार नाही. त्यांच्या मनात खेळ म्हणजे खेळ, आज नाही तर वर्षानं. तुझ्या मनात या अमुक मुली आहेत. हा फरक त्यांना कुणी सांगितलेलाच नाही, मग त्यांना दिसणार कसा? आणि त्यांच्या जागी बसूनही बघ. आयुष्यभर शिफ्टमध्ये काम केलेल्या माणसाला पोरगी भर घरात ‘डॉक्टर’ म्हणाली. त्यांनी तुला उलट एक प्रश्न विचारला नाही, कारण असं उत्तर ऐकल्यावर प्रश्न विचारायचं धाडस फार थोड्या बापांना होतं. पैसा उभा करणं आपल्या हातात आहे, ते त्यांनी केलं.

आता गुणांचं. खो-खोमुळे अभ्यास बुडतो असं घरात सगळ्यांनी धरलं आहे आणि तूही ते मानून चालली आहेस. पण तारखा बघ. नववीत तू रोज मैदानावर होतीस आणि गणित चांगलं होतं. जूनमध्ये मैदान बंद झालं आणि जुलैत ११ पडले. एका चाचणीवरून मी काही सिद्ध करायला जात नाही. दहावीचं गणित नववीपेक्षा अवघड असतं हेही खरं. पण खेळ बंद केल्यानं गुण वाढले, असं तरी यातून दिसत नाही. पहाटे उठून शाळा, दुपारी डुलकी, मग तीन तास क्लास, पावणेनऊला घर, जेवण, आणि तेव्हा स्वतःच्या हातानं गणित सोडवायचं? क्लासमध्ये फळ्यावर बघितलेलं गणित सोडवून झालं असं वाटतं आणि पेपरात हात थांबतो. बोर्डाच्या गणितात बीजगणिताचा ४० गुणांचा आणि भूमितीचा ४० गुणांचा असे दोन पेपर असतात, उरलेले २० शाळेकडून. तुझे ११ कुठे अडले ते आधी शोध. चाचणीचा पेपर घेऊन शाळेच्या गणिताच्या सरांकडे मधल्या सुट्टीत जा आणि चुकलेली गणितं त्यांच्यासमोर सोडव. फुकट आहे, आणि सरांना आवडतंही. विचारायला कुणी येत नाही ही त्यांची नेहमीची तक्रार असते.

आणि नीट. ती परीक्षा १८० प्रश्नांची, ७२० गुणांची. त्यातले निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे आणि उरलेले फिजिक्स-केमिस्ट्रीचे. अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण असावी लागतात. म्हणजे तुझ्यापुढे दहावीनंतर अख्खी दोन वर्षं आहेत. त्या अभ्यासाचा पाया दहावीचं विज्ञान आणि गणित हाच. तो पक्का करण्यासाठी ‘फाउंडेशन’ नावाची वेगळी बॅच लागतेच असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं राज्यांकडे पाठवली. त्यांत असं म्हटलंय की १६ वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये, प्रवेश दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा. आणि मुलानं मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी हिशेबानं दहा दिवसांत परत करावी. कुठला क्लासवाला हा कागद बघून लगेच गल्ला उघडेल या भ्रमात राहू नकोस. पण ‘भरलेले पैसे बुडालेच’ असं समजून गप्प बसण्याचंही कारण नाही. निदान बॅच बदलून मागता येते, पुढच्या हप्त्याबद्दल बोलता येतं.

तुझ्यापुढचे रस्ते मला असे दिसतात. एक, निकालापर्यंत काही बोलायचं नाही. यात आजची संध्याकाळ शांत जाते. पण मग अकरावीला सायन्स, त्यात नीटची मोठी बॅच, मोठी फी, आणि तीन वर्षांनी तू मला याच विषयावर पत्र लिहिशील, फक्त रक्कम वाढलेली असेल. दुसरा रस्ता तुला मोहात पाडेल. ‘मला डॉक्टर व्हायचं नाही, मला खेळाडू व्हायचंय’ असं ठणकावून सांगायचं. शाळेत टाळ्या मिळतील, पण ते खरं आहे का? तूच लिहिलं आहेस की डॉक्टरकीला तुझा नकार नाही. एक न ठरलेलं उत्तर काढून त्या जागी दुसरं न ठरलेलं उत्तर बसवू नकोस. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला आणि आपल्या मुलींनी जिंकला, राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावीला खेळाचे सवलतीचे गुण जास्तीत जास्त २५ पर्यंत मिळतात, ही सगळी माहिती खरी आहे. पण घरी ती पुढे करू नकोस. तू नोकरी मागत नाहीयेस, काही आठवडे मागते आहेस. मोठे दावे केलेस तर पप्पा त्या दाव्यांशीच भांडत बसतील.

तिसरा रस्ता बोलायला सगळ्यात अवघड आहे, कारण त्यात ‘मला माहीत नाही’ असं म्हणावं लागतं. मला तोच बरा वाटतो. आदल्या दिवशी आईच्या कानावर घाल, पण तिला मध्यस्थ करू नकोस. तिनं फक्त जवळ बसावं. पप्पांच्या सुट्टीच्या दिवशी, आजी देवळात गेली असेल अशा वेळी, साध्या शब्दांत सांग. ‘पप्पा, दिवाळीत सगळे विचारत होते म्हणून मी डॉक्टर म्हटलं. माझं अजून ठरलेलं नाही. नकोच आहे असंही नाही. दहावीचा क्लास मला हवाय, फाउंडेशन आत्ता नको. दुसरा हप्ता भरायच्या आधी सांगावं म्हणून सांगतेय.’ यानंतर थांब. ते चिडतील, किंवा उठून गॅलरीत जातील. ‘इतके दिवस तोंड शिवलं होतं का?’ असं विचारतील, तेव्हा ‘भीती वाटली’ एवढंच सांग, तेच खरं आहे. त्याच बैठकीत सगळं मान्य करून घ्यायचा हट्ट धरू नकोस. त्यांना दोन-तीन दिवस लागतील.

मग दुसऱ्या बोलण्यात कागदावर लिहिलेला बेत ने. तुझी शाळा सकाळची आहे, तेव्हा त्याच क्लासची किंवा सिडकोतच घराजवळ दहावीची दुपारची बॅच मिळते का ते बघ; नाशिकमध्ये क्लासची वाण नाही, पावलोपावली पाट्या आहेत. सराव आठवड्यातून तीन दिवस, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात रोज. महापालिका क्षेत्राची स्पर्धा जिंकलात तर विभागीय, तीही जिंकलात तर राज्य. ज्या दिवशी हराल त्या दिवशी यंदाचं मैदान संपलं, दुसऱ्या दिवसापासून फक्त दहावी. हे शेवटचं वाक्य कागदावर लिही आणि पाळ. बोर्डाची परीक्षा अलीकडे फेब्रुवारीतच सुरू होते, जानेवारीत पूर्व परीक्षा, त्यामुळे दिवाळीनंतर तुलाही मैदान परवडणार नाही. पुढच्या चाचणीत गणित सुधारलं नाही तर सराव दोन दिवसांवर आणीन, असंही लिही. बापाला पोरीच्या हौसेपेक्षा तिनं घातलेली अट चटकन पटते.

तरीही ते ‘नाही’ म्हणाले तर? म्हणू शकतात. मग निदान फाउंडेशनचा हप्ता वाचला आणि घरात खरं बोलून झालं, ही काही लहान कमाई नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर मैदानावर थांबायची परवानगी माग. ती बहुधा मिळते.

मॅडमच्या वाक्याबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे. ‘तुझ्याशिवाय संघ उभा राहणार नाही’ हे त्या प्रेमानं म्हणाल्या असतील, पण हे ओझं दहावीतल्या मुलीच्या डोक्यावर द्यायचं नसतं. एका मुलीवर उभा असलेला संघ पुढच्या जूनमध्ये आपोआप बसेल. तुला या संघाबद्दल खरंच वाटतं ना? मग परवानगी मिळो न मिळो, नववीतली एक मुलगी आत्ताच निवड. तिला तुकड्या कशा लावायच्या ते शिकव, फुलेनगरच्या आईकडे तिला घेऊन जा, कुणाच्या पायाला कुठल्या मापाचा बूट लागतो ती यादी तिच्या हाती दे. एका सामन्यात तिला निर्णय घेऊ दे आणि तू गप्प बस. ते तुला फार जड जाईल, असा माझा अंदाज आहे. (खो-खोवरून आयुष्याचे धडे काढायचा मोह मला या उत्तरात बराच झाला, तो आवरला आहे.)

डॉक्टरकीचं राहिलं. ती नकोच असं तुझं म्हणणं नाही, तर ती जवळून बघ तरी. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचार, रविवारी सकाळी दोन तास बाहेरच्या बाकावर बसू द्याल का? त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये कधी कुणाला भेटायला गेलीस तर पेशंटकडे बघून झाल्यावर नर्सकडे, एक्स-रे काढणाऱ्याकडे, फिजिओथेरपीच्या खोलीकडेही बघ. दवाखाना चालतो तो कितीतरी प्रकारच्या माणसांवर आणि डॉक्टर त्यांतला एक प्रकार. तुझ्या शाळेतून बाहेर पडलेल्या जुन्या खेळाडू मुली आज काय करतात तेही शोधून काढ. मॅडमकडे नंबर असतील. अकरावीला शाखा निवडताना मन डळमळीत असेल आणि विज्ञान-गणिताशी वैर नसेल, तर सायन्सला जीवशास्त्र आणि गणित दोन्ही ठेवून बरेच दरवाजे उघडे राहतात. सायन्समधून पुढे कलाशाखेकडे वळता येतं, उलट वाट अवघड. पण म्हणून फक्त ‘उघडं राहावं’ एवढ्यासाठी नावडत्या विषयांत दोन वर्षं काढू नकोस. वहीत विज्ञानाबद्दल काहीच लिहिलं गेलं नाही, तर तेही उत्तरच समज.

हे वाचणाऱ्या आणखी काही मुलांनी अशीच वेळ मारून नेली असेल. कुणी इंजिनीअर म्हटलं असेल, कुणी सीए. तुमच्या घरी अजून पैसे भरले गेले नसतील तर तुमचं काम सोपं आहे: पुढच्या वेळी कुणी विचारलं की ‘अजून बघतोय’ म्हणा आणि दुसरा लाडू घ्या. आणि पालकांना एकच सुचवते. मुलाचं उत्तर ऐकलंत की फी विचारायला जाण्याआधी त्याला विचारा, ‘हे तुला कशावरून वाटलं?’ उत्तर आलं नाही तर रागावू नका, हप्ता तेवढा महिनाभर थांबवा.

मॅडमना घरी आणायचं का, हा तुझा शेवटचा प्रश्न. इतक्यात नको. पहिल्याच बोलण्यात शाळेच्या बाई दारात उभ्या राहिल्या, तर पप्पांना वाटेल की सगळ्यांनी मिळून आपल्याला घेरलंय, आणि बाहेरच्या माणसासमोर ते तुझ्याशी मोकळं बोलणारही नाहीत. आधी तुम्ही तिघं बोला. पुढे त्यांनीच ‘सुटणार किती वाजता, अंधारात सोडणार कोण?’ असं विचारलं, तर मॅडमचा नंबर द्यायचा. आणि मॅडमना आधीच सांगून ठेवायचं की फोनवर पदकांचं आणि शाळेच्या नावाचं काही काढू नका. सरावाचे वार, सुटायची वेळ आणि स्पर्धेच्या तारखा, एवढंच सांगा.